तानूआत्याचा विमा

आंबेगाळ गावात मल्लू नावाचा एक भोळा गडी राहायचा. किती भोळा? कुणी त्याला "जरा थांब" म्हटलं, तर "चल" म्हणेपर्यंत तो हलायचा नाही. आईबाप लहानपणीच गेले. तानूआत्यानं त्याला वाढवला.

आत्याला वीस वर्षांची शुगर. वर बीपी. गुडघ्यांचं तर विचारूच नका. एक दिवस ती म्हणाली, "मल्ल्या, दिवाळीत मला साठ पुरी होतील. मग विम्यात मला कुणी घ्यायचं नाही. उद्या अंथरुणाला खिळले तर कुणापुढं पदर पसरायचा नाही मला. तालुक्याला विम्याचा मेळावा आहे. चार कंपन्या बघून ये. पण गोड बोलणाऱ्याच्या नादी लागू नको."

"नाही लागत."

मल्लू गेला. हॉलच्या बाहेरच विमावाले उभे होते. सगळेच गोड. एकानं चहा दिला, एकीनं दादा म्हटलं. मल्लूनं सगळ्यांना लांबूनच नमस्कार केला. दारातला म्हातारा मात्र खेकसला, "ए येड्या, चपला काढ की!"

मल्लूला हायसं वाटलं. त्यानं चपला काढून दिल्या, म्हाताऱ्यानं दिलं ते घेतलं आणि तडक घरी आला.

आत्यानं बघितलं. पत्र्याचा बिल्ला. त्यावर सतरा आकडा.

"ह्यात शुगर बसते का रे?"

"ते नाही विचारलं. पण माणूस लई कडू होता."

"आणि तुझ्या चपला?"

"त्याच्याकडंच आहेत."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, कोण कसं बोलतं त्याला काय करायचंय? कागद वाचायचा! बारीक अक्षरातलं सगळं वाचल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

"नाही घेत."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या शुगरच्या गोळ्या संपल्या. मल्लू मेडिकलमध्ये गेला. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला कागद होता. अक्षर मुंगीएवढं. मल्लू पायरीवर बसून एकेक अक्षर लावायला लागला. दुकानदार दुकान बंद करून घरी गेला, जेवला, झोपला आणि परत आला. तेव्हा मल्लू कागदाच्या दुसऱ्या बाजूला पोचला होता.

दिवेलागणीला तो घरी आला. आत्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आलेली.

"अरे माझ्या कर्मा! औषधपाण्याच्या कामात वाचत बसतात का? समोरचा मागेल ते पटकन द्यायचं आणि मोकळं व्हायचं!"

"होतो की मोकळा."

शेवटी आत्या स्वतःच काठी टेकत टोणपेबाईंकडं गेली. ह्या बाई विमा विकायच्या, पण सरळ होत्या. आत्याचे सगळे आजार त्यांनी फॉर्मवर लिहून घेतले. लपवलं तर ऐनवेळी कंपनी हात वर करते, म्हणाल्या. आता तेवढी रक्ताची तपासणी राहिली.

तपासणीवाला सकाळीच आला. आत्या न्हाणीत होती.

"तानूबाईंचं घर ना? रक्त द्यायचंय."

मल्लूनं बाही वर केली.

"लघवीही लागेल."

मल्लूनं तीही दिली आणि मोकळा झाला. तपासणीवाला दहा घरं फिरून दमलेला. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

रिपोर्ट आला. तानूबाईंना एकही आजार नाही. रक्त एखाद्या पैलवानाचं असावं तसं. कंपनी म्हणाली, फॉर्मवर वीस वर्षांची शुगर, रिपोर्टात काहीच नाही, हा काय प्रकार? अर्ज परत.

दिवाळी आठ दिवसांवर. आत्या डोळ्याला पदर लावून रडली. मल्लूही रडला. आत्याचे आजार बरे झाले तरी ती का रडते, ते काही त्याला कळेना.

टोणपेबाईंनी चार खेटे घातले, पुन्हा तपासणी करवली आणि वसुबारसेला पॉलिसी हातात दिली. "जुन्या आजारांसाठी दोन वर्षं थांबावं लागेल. अपघात झाला तर मात्र आजपासून खर्च मिळेल." मग मल्लूकडं वळल्या. "आणि तू रे! चेहरा आणि आधारकार्डावरचा फोटो जुळतोय का, हे बघितल्याशिवाय कुणाला तानूबाई म्हणायचं नाही. पुन्हा घोळ झाला तर विमा गेला समज."

"आईशप्पथ नाही म्हणत," मल्लू म्हणाला.

पाडव्याला आत्या अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं आणि ते माघारी फिरले. कागद घेऊन मल्लू मागून आला.

ऑपरेशनची तयारी झालेली. आत्या स्ट्रेचरवर. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी. चष्मा काढलेला, नाकातली चमकी काढलेली, कवळीही काढलेली.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ह्या तानूबाईच ना? तुम्ही हो म्हटलंत की कागद कंपनीला पाठवते."

मल्लूनं आधारकार्ड काढलं. कार्डावर बघितलं, स्ट्रेचरवर बघितलं. पुन्हा कार्डावर बघितलं. कार्डावरच्या बाईला दात होते.

"ही नाही," तो म्हणाला.

स्ट्रेचरवरून आवाज आला, "मल्ल्या, मुडद्या! मीच आहे रे, तुझी आत्या!"

मल्लू काउंटरवरच्या बाईंच्या कानाशी वाकला. "सावध राहा. आवाज हुबेहूब काढते."

मग तो धावत सुटला, रिक्षा करून थेट घरी आला आणि दार बडवायला लागला.

"आत्या, लवकर बाहेर ये! दवाखान्यात एक बोळकी म्हातारी तुझा विमा वापरतेय!"

आतून कुणी ओ देईना. तेव्हा आत्याला उठवायला मल्लूनं जाताना स्वतःच लावलेलं कुलूप तोडलं.