भाऊबिजेला निघालेली जुनी गाडी

“…पण वरचे पैसे वसूल होतात का, बुवा? एवढंच सांगा.”

शिवगिरीबुवा मठाच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भाऊबिजेची सकाळ होती. राधानगरी रस्त्यावरच्या त्या मठात रणधीर साळोखे सणाचं सगळं सोडून आला होता. कोल्हापुरात स्वतःची फौंड्री, चार लोकांत वजन, आणि पोरवयापासून बुवांचा शिष्य. आज उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच त्यानं बैठक मारली होती.

प्रश्न दोन वर्षं जुना होता. मोठी गाडी घ्यायची, हे पक्कं. उंच, सात माणसांची, गल्लीत वळली की शेजारीपाजारी खिडकीत यावेत अशी. पण साधी पेट्रोलवरची घ्यायची, की पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रीड? हायब्रीडला काही लाख जास्त मोजावे लागणार होते.

विचारायचं त्यानं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. पुण्याचा मेहुणा म्हणाला, डोळे झाकून हायब्रीड घ्या दाजी, गर्दीत गाडी मुकी होते, पेट्रोलला हात लावत नाही. गॅरेजवाला रफीक म्हणाला, मोकळ्या हायवेला तिचा फार फायदा नाही, आणि पुढेमागे बॅटरी गेली तर बसा बोंबलत. विम्याच्या माणसानं हप्ता वाढेल म्हणून वेगळीच भीती घातली. या घोळात अक्षय तृतीया गेली, दसरा गेला. गाडी बुक करायला म्हणून काल दिवाळीच्या पाडव्याला तो शोरूमच्या दारापर्यंत गेला, आणि तसाच घरी आला.

हे त्याचं त्याच्यापाशी राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण त्यात त्याचे वडील, तात्या, अडकले होते.

तात्यांची थोरली बहीण, आक्का, फोंडा घाट उतरल्यावर कणकवलीच्या अलीकडे राहते. तिला आता अंथरुणातून उठवत नाही. तात्यांना तिच्या हातून एकदा ओवाळून घ्यायचं होतं. रणधीरनं शब्द दिला होता, नव्या गाडीतनं नेतो. त्याच्यावर एक भाऊबीज गेली. मग दुसरी गेली.

आज सकाळी रणधीर मठाला निघाला, तर तात्या धुतलेलं धोतर नेसून आधीच जुन्या गाडीत बसलेले. मांडीवर बहिणीसाठी घेतलेलं लुगडं. रणधीर म्हणाला, तात्या, मी मठापर्यंतच जातोय. तात्या म्हणाले, मठापर्यंत तर मठापर्यंत. आणि दार लावून घेतलं.

ते अजून गाडीतच होते, समोर चिंचेखाली.

“कुणासाठी घेतोस गाडी?” बुवांनी विचारलं.

“घरच्यांसाठीच. तात्यांना आक्काकडं न्यायचंय. घाटाचा रस्ता…”

“दर आठवड्याला पुण्याला जातोस. कशानं?”

“हिच्यानंच.”

“खंबाटकीच्या घाटात बंद पडते?”

“छे. एकदाही नाही. पण…”

पणच्या पुढचं रणधीर बोलला नाही. आक्काच्या अंगणात तिच्या जावयाची भली मोठी पांढरी गाडी उभी असते, आणि तिच्या शेजारी ही पोचे आलेली डबडी लावायची त्याला लाज वाटत होती. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. बुवांना माहीत नसेल, असं कसं म्हणावं?

बुवांनी मूठभर दाणे त्याच्यापुढं केले.

“वसुलीचं काय म्हणत होतास?”

रणधीर खुलला. त्याच्या फिरण्याचा अर्धा भाग शहरातल्या गर्दीतला, अर्धा हायवेचा. त्या मानानं पेट्रोल किती वाचेल, हे त्यानं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं. सात-आठ वर्षं गाडी ठेवली तर वरचे पैसे निघतात, मग हायब्रीडच शहाणपणाची. त्याआधी विकली तर साधीच बरी.

“बरोबर आहे,” बुवा म्हणाले.

“…बरोबर?”

“हिशोबात खोट नाही तुझ्या.”

बुवा उठले. अंगावरची टरफलं झटकली आणि चिंचेकडं चालू लागले. रणधीर मागोमाग. बुवांनी गाडीच्या खिडकीत हात टेकले.

“तात्या, नवी गाडी घेतली तर किती वर्षं वापराल?”

तात्यांनी लुगड्याची घडी सारखी केली. विनोद कळल्यासारखे हसले.

“मला एकदाच जायाचंय, बुवा.”

…

रणधीर तिथंच उभा राहिला. तोंडातले दाणे चावायचे राहून गेले.

बुवा मठामागं गेले. आले ते झाडावरची लिंबं आणि हळदीकुंकू घेऊन. त्या पोचे आलेल्या बॉनेटवर त्यांनी स्वस्तिक काढलं. मग वाकून चारी चाकांच्या पुढ्यात एकेक लिंबू ठेवलं. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा ठेवतात, अगदी तसं.

“बुवा, ही जुनी आहे,” रणधीर हळूच म्हणाला.

बुवा शेवटचं लिंबू नीट चाकाला भिडवत होते.

गाडीचं तोंड फोंडा घाटाकडं होतं. कोल्हापूरला परतायचं तर ती मागं घेऊन वळवावी लागणार होती. आत तात्या समोर रस्त्याकडं बघत होते. मुलाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“आणि माझा प्रश्न?” रणधीर म्हणाला. “साधी, का हायब्रीड?”

…

बुवांनी हात झटकले. मग रणधीर खाली वाकला आणि पुढच्या चाकापाशी ठेवलेल्या लिंबाला त्यानं हात घातला.

“ते उचलायचं नसतं, रणधीर,” बुवा म्हणाले. “त्याच्यावरनं जायचं असतं.”