सगूचा हात आणि जांभळीची घंटा

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. फार लांब नव्हतं, पण तिथवर कुठलीच गाडी जात नसे, म्हणून तुम्ही ते पाहिलेलं नाही. त्या गावात सगू नावाची मुलगी आणि तिची आई राहायच्या. आई गवत कापून भारे विकायची. घरात एकच गोधडी होती, तीही आखूड. थंडीत ती इकडून तिकडे ओढली जायची, आणि सकाळी दोघीही म्हणायच्या, "मला कुठे थंडी वाजली?" दोघीही खोटं बोलायच्या.

गावाबाहेर विजूताईंचं घोड्यांचं आवार होतं. तिथे शर्यतीबिर्यतीचं काही नव्हतं. ज्या मुलांची पाठ नाहीतर पाय नीट साथ देत नाहीत, अशी मुलं तिथे यायची आणि घोड्यावर बसून हळूहळू फिरायची. घोडं चाललं की बसणाऱ्याचं अंग डुलतं, आणि डुलता डुलता पाठीला आपलं काम आठवतं, असं विजूताई सांगायच्या.

सगू एकदा गवताचा भारा द्यायला आली आणि तिथेच रमली. शाळेला सुट्टी असली की ती आपणहून यायची. कुणी बोलावलेलं नसायचं आणि कुणी काही देणारही नसायचं. लीद उचल, पाणी भर, घोड्यांचं अंग घासून खरारा कर, हे सगळं ती गुणगुणत करायची. तिची लाडकी घोडी म्हणजे शेवंती. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची म्हातारी! तरुणपणी शेवंती वरातीत नवरदेवांना मिरवायची. भल्यामोठ्या फेट्याखाली डुलक्या घेणारे, इकडे तिकडे कलंडणारे कितीतरी नवरदेव तिने सांभाळले होते आणि एकालाही पाडलं नव्हतं. याचा तिला गर्व होता. निदान तिच्या चालण्यावरून तरी तसं वाटायचं.

शेवंतीच्या पाठीवर एकदा तरी बसावं, असं सगूला फार फार वाटायचं. पण म्हाताऱ्या घोडीची पाठ गरज असलेल्या मुलांसाठी राखून ठेवलेली. म्हणून सगूने ते कधी तोंडातून काढलं नाही.

शेवंतीवर बसायची गार्गी. ही सगूहून लहान, चाकांच्या खुर्चीतून यायची आणि तोंडाने भलतीच तिखट होती. पाठ मात्र गुरगुट्या भातासारखी मऊ. बसवली की डावीकडे कलायची. म्हणून उजवीकडून तिची आई चालायची आणि डावीकडून सगू, गार्गीच्या पायावर हात ठेवून.

"सगे, हात नुसता ठेव गं!" विजूताई दरवेळी ओरडायच्या. "धरू नकोस. तूच धरून ठेवलंस तर ती कशाला बसेल?"

"हो ताई," सगू म्हणायची आणि आणखी घट्ट धरायची. पडली तर?

आवारामागून एक पायवाट रानात शिरत होती. दोन्हीकडे करवंदाच्या काटेरी जाळ्या आणि मधे जेमतेम एक घोडं जाईल एवढीच जागा. वाटेच्या टोकाला जांभळीचं झाड होतं. त्याच्या फांदीला शेवंतीच्या वरातीतली पितळी घंटा टांगलेली होती. जे मूल कुणाच्या हाताविना बसू शकेल, त्यानेच तिथवर जायचं आणि घंटा वाजवायची, अशी तिथली रीत होती. घंटा वाजली की आवारातली सगळी माणसं हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायची. गार्गीने पुष्कळांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

"माझ्यासाठी कुणी वाजवतच नाही," ती एकदा म्हणाली. सगूला फार वाईट वाटलं.

मग एके सकाळी आवाराभोवती गुलाबी तेरडा आणि पिवळीधमक सोनकी फुलली. पानापानावर दवाचे इवलेइवले थेंब चमचमत होते. सगू खरारा करायला गेली, तर शेवंतीच्या शेपटीत हा एवढा गुंता! कुसळं काय, काड्या काय, पाकळ्या काय.

"कात्री लाव आणि मोकळी हो," विजूताई म्हणाल्या.

"नको ताई. मग ती माश्या कशाने हाकेल?"

सगू खोबरेलाची वाटी घेऊन बसली. एकेक केस सोडवता सोडवता ऊन वर आलं आणि तिचे हात भरून आले. इतक्यात गुंत्यातून बारीक आवाज आला, "अगं हळू! पंख आहे तो."

आत एक परी होती. बोटाएवढी, चिमुकली. सोनकीच्या पाकळ्यांचा झगा, निळे-हिरवे झगमगते पंख, आणि नाकाच्या शेंड्यावर तेल.

"या घोडीने मला माशी समजून शेपटी मारली," परी फणकारली. "मला! माशी!"

"चुकलंच तिचं," सगू म्हणाली. "पण रागावू नका हो. म्हातारी आहे, तिला नीट दिसत नाही."

परीचा राग निवळला. "तू कात्री लावली असतीस, तर माझे पंखच गेले असते. एक इच्छा माग. पण ऐक बरं, स्वतःसाठी मागायची नाही. आणि जिच्यासाठी मागशील, तिला तुझा हात लागलेला असेल तोवरच इच्छा टिकेल. हात सुटला की इच्छा थबकेल, हात ठेवलास की परत येईल. पण मुद्दाम, मनापासून सोडलास, तर कायमची विरून जाईल."

सगूला विचार करावाच लागला नाही. "माझी गार्गी ताठ बसू दे," ती म्हणाली.

त्याच दिवशी सगूने गार्गीच्या पायावर हात ठेवला मात्र, बोटांतून सोनेरी चमचम झाली आणि गार्गी ताठ! मान वर, खांदे मागे. तिची आई पदराने डोळे पुसू लागली. सगूला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला गार्गी तशीच बसू लागली. सगू मात्र आजारी असली तरी येऊ लागली. आपल्यावाचून गार्गीचं कसं होणार, ही काळजी. आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही.

थंडी पडायला लागली तेव्हा विजूताई म्हणाल्या, "गार्गी, चल. आज घंटेला जाऊ."

गार्गीने असा काही चीत्कार केला की शेवंतीने कान टवकारले. पायवाटेच्या तोंडाशी गार्गीची आई थांबली. दोर धरून विजूताई पुढे झाल्या. सगू मात्र हात न काढता तशीच जाळीत घुसली. काट्यांनी फ्रॉक फाटला, दंडावर ओरखडे उठले. पुढे जायला जागाच नव्हती.

"सगूताई, हात काढ ना!" गार्गी म्हणाली.

सगू रडवेली झाली. "गार्गी, खरं सांगते. तू ताठ बसतेस ना, ती परीची करामत आहे. मी हात काढला की संपली. तू पडशील गं."

गार्गीने भुवया वर केल्या. "अस्सं? मग घरी गेल्यावर पाठ कुणाची दुखते? परीची?"

हे सगूच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सुरुवातीला कुणीतरी वर ओढतंय असं वाटायचं खरं," गार्गी म्हणाली. "हल्ली मीच बसते. किती मी आणि किती परी, ते तू हात काढल्याशिवाय कसं कळणार मला?"

विजूताई दोर धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

सगूने डोळे मिटले. एकेक बोट उचललं. सोनेरी कण फुंकर मारल्यासारखे उडाले आणि विरून गेले.

गार्गी डावीकडे कलली. सगूचा हात झटकन वर गेला. पण शेवंती हो! इतके नवरदेव काय उगाच सांभाळले होते तिने? तिने डावीकडे एक पाऊल टाकलं आणि पाठ अलगद गार्गीखाली आणली. गार्गीने दात-ओठ आवळले, श्वास ओढला, आणि वर आली. आपली आपण. सगूने स्वतःचा हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

शेवंती वळणाआड गेली. सगू काट्यांत उभी राहून कान देऊन ऐकत होती. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग, टण्ण! आणि मग टण्ण टण्ण टण्ण, थांबायचं नावच नाही. सगू रडत रडत टाळ्या वाजवत सुटली.

"इच्छा गेली बरं का तुझी," करवंदाच्या पानावर बसून परी म्हणाली.

"जाऊ दे की! ऐका ना, वाजतेय!"

परी हसली. "स्वतःसाठी मागायचं नाही, असं मी म्हटलं होतं. पण तुझ्यासाठी दुसऱ्या कुणी मागितलं, तर माझी काही हरकत नाही."

तोवर शेवंती परत आली. गार्गीचा चेहरा लालबुंद झाला होता. "विजूताई, मला खुर्चीत बसवा आणि सगूताईला वर चढवा. एक तरी फेरी. खरारा करताना ती शेवंतीच्या पाठीकडे कशी बघते, ते आम्हाला काय दिसत नाही?"

विजूताईंनी शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने नाकाने फुर्र केलं. ते होच होतं.

आवारात आल्यावर सगू वर चढली तेव्हा उरलासुरला तेरडा, सोनकी, दव, सगळं एकदम उजळलं. त्या लखलखत्या उजेडात परी हात हलवत विरघळून गेली. जाता जाता तिने सगूच्या घरावर एक चिमूट उजेड टाकला, आणि त्या रात्रीपासून गोधडी दोघींना पुरू लागली. पण ते सगूला नंतर कळलं. तेव्हा ती घोडीच्या मानेवर पार वाकली होती.

"ताठ बस!" गार्गी खालून ओरडली. गार्गीची आई तिची खुर्ची शेवंतीच्या बाजूने ढकलत होती, आणि गार्गीचा हात सगूच्या पायावर होता. धरलेला नव्हता. नुसता ठेवलेला होता.