पांढऱ्या झग्यातला प्रश्न

"मग, माणसांत किती सापडले?"

"एकही नाही, बाई. घरोघर विचारलं. बर्ड फ्लू कोंबड्यांतच आहे. निष्कर्ष स्वच्छ."

साथींच्या मागे हिंडता हिंडता केस पिकलेल्या डॉक्टर काळसेकरबाई चिंचेखाली बसून शेंगा सोलत होत्या. शार्दूल त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे मत मुख्यतः शार्दूलचं.

"कुठे खोकला ऐकलास का?"

"पोल्ट्रीवाल्या सुपडूच्या घरात. बायको खोकत होती वाटतं. पण तो म्हणाला, आमच्यात कोणी आजारी नाही."

"काल त्याच्या शेडमध्ये काय विचारलंत?"

"आजारी पाखरं कोणती."

"दाखवली त्यानं?"

"लगेच. कोपऱ्यातली चार-पाच."

"मग?"

"मग सगळी मारून पुरली. नियमच आहे."

"धडधाकट होती तीही?"

"तीही."

"आणि आज कोणत्या कपड्यांत गेलास?"

शार्दूलनं खाली पाहिलं. कालच्यासारखाच पांढरा झगा...

बाई पदर झटकून उठल्या. "तो उतरव. दारात बोलायला मास्क पुरे. औषध लवकर पोटात गेलं तरच उपयोग, चल."

सुपडू उंबऱ्यात आडवा उभा. "बाई, सांगितलं ना साहेबांना..."

"आजारी कोण ते विचारत नाही मी. मेलेली पाखरं कोण उचलायचं?"

"...बायको. गडी घाबरून पळाले."

आतून खोकला आला. मागोमाग सुपडूच्या बायकोचा आवाज. "मला नेल्यावर माझ्या पोरांनाही नेणार का? पाखरांसारखं?"

"नाही, वेणू. पोरांना इथंच तपासू, इथंच औषध देऊ."

"आणि गाडीत माझ्यापाशी कोण बसंल?"

बाई वळल्या. शार्दूलकडे बघत राहिल्या.

"मी गेलो तर इथला तपास..."

बाई अजून बघतच होत्या.

शार्दूलनं घसा साफ केला. "मी बसतो, ताई."

ॲम्ब्युलन्स आली. दारादारांतून गल्ली बघत होती. मास्क, हातमोजे घालून शार्दूल वेणूचा हात धरून आत चढला, तिच्या शेजारी बसला.

तेवढ्यात समोरचं दार किलकिलं झालं. "बाई... आमच्या सुनेलाही परवापासून ताप आहे."

मग पलीकडचं दार.

शार्दूल गाडीतून वाकून म्हणाला, "हे लोक इतका वेळ गप्प का होते, बाई?"

"इतका वेळ विचारत होता तो झगा. माणसानं त्यांना विचारलंच कुठे?"