नकारनवीस हवा!

"राजवाड्याच्या देवडीवर नकारनवीस नेमायचा आहे होऽऽ! कामाचा दांडगा अनुभव हवा! आणि आजवर कुणाचीही चाकरी केलेली नसावी होऽऽ!"

दवंडी ऐकून चांदवणची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. चाकरीच केली नाही, तर अनुभव काय झाडाला लागतो? पण जयकेतू महाराजांना हे सांगणार कोण? ते एकदा बोलले की बोलले! दिवाणजींनी भीतभीत सांगून पाहिलं, तर त्यांनाच ऐकावं लागलं, "आम्हाला शिकाऊ माणूस नको, आणि दुसऱ्याच्या सवयी लागलेलाही नको!"

दिवस वाईट होते. व्यापाऱ्यांचे तांडे पलीकडच्या घाटाने जाऊ लागले आणि चांदवणची बाजारपेठ ओस पडली. मग काय, जो तो राजवाड्यावर काम मागायला! पहारेकरी हाकलायचे, लोक शिव्या देत जायचे आणि महाराजांची झोपमोड व्हायची. म्हणून हा नकारनवीस. त्याने आलेल्याला 'नाही' सांगायचं, पण माणूस रागवता कामा नये.

पिराजीने दवंडी ऐकली ती बहिणीच्या ओसरीवर आडवं पडून. तांड्यांच्या बैलांसाठी झुली शिवणं हा त्याच्या घरचा धंदा. बैलच येईनात, तर झुली घालायच्या कुणाला? उरलेल्या झुली स्वतःच पांघरून तो बहिणीकडे येऊन राहिला होता. आणि सकाळीच दाजींनी त्याला बजावलं होतं, "आज काम मिळालं तर घरी ये. नाहीतर येऊच नकोस!"

पिराजी ताडकन उठला. "अक्का, ही जागा माझ्याचसाठी निघालीय बघ!"

"तुझ्यासाठी? मेल्या, अख्ख्या गावाने तुला दारातून परत पाठवलंय!"

"तेच तर म्हणतोय!" असं म्हणून त्याने सदरा झटकला आणि थेट दरबार गाठला.

दिवाणजींनी विचारलं, "आधी कुणाची चाकरी?"

"कुणाचीच नाही. ठेवून घ्यायला कुणी तयारच झालं नाही!"

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी म्हणाले, "मग अनुभव कसला?"

"नकाराचा! तेलघाण्यापासून सराफकट्ट्यापर्यंत एक दार सोडलं नाही मी. शिवी हासडून दिलेला नकार घेतला, ताक पाजून दिलेला घेतला. 'उद्या ये' हा तर सगळ्यांत वाईट, त्याच्यात माझा अख्खा पावसाळा गेला. माझ्याहून जास्त नकार पचवलेला माणूस आणून दाखवा, मी त्याच्या पाया पडून चालता होतो!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण ते हसले नाहीत. "हा झाला नकार घेण्याचा अनुभव. तू देणार कसा?"

"माझा गाढवपणा वाटत बसेन, महाराज! येईल त्याला म्हणेन, बाबा, इथे जागा नाही, पण मी केलं ते तू करू नकोस. मी सराफाकडे गेलो ऐन जेवणाच्या वेळी. तो भुकेला, त्याने मलाच खाल्लं! तू त्याचं जेवण झाल्यावर जा. काय येतं असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, काहीही करीन! ऐकणारा समजायचा, याला काहीच येत नाही. तुला जे येतं ते नीट नाव घेऊन सांग. आणि बैल गावात नाहीत हे दिसत असून मी झुलीच विकत हिंडलो! अरे, ज्या हाताला झूल शिवता येते त्याला गोणपाट शिवता येत नाही? घरोघरी गोदड्या उसवल्यात! पण हे सुचलं कधी, तर ओसरीवर पडून पाठ दुखायला लागली तेव्हा! ऐकणारा मला हसेल आणि हसत घरी जाईल. रागवेल कशाला?"

दिवाणजींनी मान डोलावली. पण महाराज कसले ऐकतात!

"तोंडाची वाफ पुरे! आत्ताच्या आत्ता करून दाखव. आम्ही उमेदवार, तू नकारनवीस. आम्हाला नकार दे. आणि आम्ही रागावलो, तर तुझी रवानगी अंधारकोठडीत!"

महाराजांना 'नाही' म्हणण्याची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. इकडे दाजी, तिकडे कोठडी! कोठडीत निदान जेवणावरून टोमणे तरी मारत नसतील, असा एक विचार पिराजीच्या मनात येऊन गेला.

महाराज सिंहासनावरून उतरून समोर उभे राहिले. "काम हवंय!"

"या, या! दमला असाल, पाणी घ्या आधी. काय येतं तुम्हाला?"

"राज्य करता येतं!"

"वा, नाव घेऊन सांगितलंत! जागा कोणती हवी?"

महाराजांनी सिंहासनाकडे बोट दाखवलं. "ती!"

"जागा उत्तम निवडलीत. फक्त एक सांगा. त्या जागेवर पहिल्यांदा बसलात, त्याच्या आधी राज्य करण्याचा अनुभव किती होता?"

"आधी कसा असेल? बसल्यावरच शिकलो की आम्ही!"

बोलून गेले आणि महाराज मध्येच थांबले. दिवाणजी एकदम छताकडे बघायला लागले.

पिराजीने हात जोडले. "मग नाही जमायचं हो, पाहुणे! मन खट्टू करू नका. उमेदवार तुम्ही लाखात एक आहात. पण अट आमच्या मालकांची. आता तुम्हाला काय सांगू, फार हट्टी माणूस आहे!"

महाराजांचा चेहरा लाल झाला, गाल फुगले आणि मग जे हसू फुटलं, ते आवरेचना! पोट धरून ते सिंहासनाच्या पायरीवरच बसले.

"नेमा याला! देवडीशेजारचं घर द्या, शेला द्या!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि दिवाणजी, ती अट आत्ताच्या आत्ता रद्द करा. नाहीतर उद्यापासून आम्हालाच घरी बसावं लागेल!"