साळिंदराचे गुपित

मुलांनो, नदीच्या वळणावर सागाचे एक दाट जंगल होते आणि त्यात एक खार राहत असे. नजरेने चलाख, कानाने त्याहून तिखट. तिच्या झाडाखालीच एका साळिंदराचे बीळ होते. साळिंदर स्वभावाने साधे, मनात काही न ठेवणारे. दोघांनाही पत्त्यांचा भारी नाद. ती पोकर खेळत, पण पैसे लावून नव्हे, चिंचोके मांडून.

या खेळात ज्याची पाने भारी, तो जिंकतो. पण हलकी पाने हाती असतानाही कुणी धिटाईने चिंचोक्यांची रास पुढे सरकवली, तर समोरचा घाबरून आपली पाने टाकून देतो. यालाच हूल देणे म्हणतात.

एका वर्षी देशोदेशीच्या हौशी खेळाडूंची स्पर्धा त्याच जंगलात भरली. बर्फाच्या देशातून हंस आले, वाळवंटातून उंट आले, समुद्रापलीकडून कांगारू आले. आधी संघांचे सामने होते, मग एकेकट्याचे. खार, साळिंदर आणि एक टिटवी यांनी मिळून संघ केला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी साळिंदराने खारीला बाजूला बोलावले. ते हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मी हूल दिली, की शेपटीजवळचा एक काटा आपोआप थरथरतो आणि वाजतो. किती आवरला तरी ऐकत नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही."

"एवढंच ना?" खार म्हणाली. "मी तुला चिकटून बसेन आणि माझी शेपटी त्या काट्यावर टाकेन. कुणाला काही ऐकू येणार नाही."

तिने तसेच केले. साळिंदराने बिनधास्त हुली दिल्या, उंट फसले, हंस फसले आणि संघांचे अजिंक्यपद या तिघांना मिळाले. साळिंदर इतके हसले, की त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

मग एकेकट्याचे सामने सुरू झाले. आता शेजारी खार नव्हती, म्हणून साळिंदराने काट्याभोवती ओली माती थापली आणि तेवढ्यावर निभावून नेले. शेवटच्या सामन्यात समोरासमोर आली ती नेमकी खार आणि साळिंदर. तोवर उन्हाने माती वाळून गळून पडली होती.

"माती पडली बघ," साळिंदर बसता बसता म्हणाले. "पण समोर तूच आहेस. आता कशाला थापू?"

खार पाने पिसू लागली.

डाव रंगला. शेवटी खारीच्या हाती दोन दुर्र्या तेवढ्या होत्या, बाकीची पाने कुचकामी. साळिंदराने आपले सगळे चिंचोके पुढे सरकवले. दुसरे कुणी असते तर मुकाट्याने पाने टाकून उठले असते. खारही टाकणारच होती. इतक्यात तिच्या कानावर बारीकशी खरखर आली. भोवतालच्या गर्दीत ती कुणाच्या लक्षातही आली नाही. खारीला एकदा वाटले, हे आपण ऐकले नाही असे समजावे. पण विजेत्याचे नाव देशोदेशी जाणार होते. तिने आपलेही चिंचोके पुढे ढकलले आणि म्हणाली, "दाखव पाने."

साळिंदराच्या हाती काहीच नव्हते.

टाळ्या थांबल्यावर त्याने विचारले, "काटा ऐकू आला ना तुला?"

"छे! नशिबानं साथ दिली," खार दुसरीकडे बघत म्हणाली.

तिचे टवकारलेले कान साळिंदराने पाहिले होते. "बरं," एवढेच बोलून ते निघून गेले.

ते भांडले नाही. त्याने कुणापाशी तक्रारही केली नाही. वाटेत भेटले, तर 'कशी आहेस' विचारी आणि पुढे जाई. पावसाळ्याआधी त्याने नदीपलीकडे नवे बीळ खणले.

पुढची स्पर्धा हंसांच्या देशात ठरली, तेव्हा खार नदी ओलांडून त्याच्याकडे गेली. "संघ करायचा ना?" तिने विचारले.

"तू खेळ. मला आता पत्ते नकोसे वाटतात," साळिंदर म्हणाले. त्याचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच खारीला सोसवेना.

मग ती टिटवीकडे गेली. शेवटच्या सामन्याच्या वेळी टिटवी जवळच होती, दोघांचे बोलणे ऐकून तिला सारे उमगले होते. ती म्हणाली, "ज्याच्या शेजारी बसायचं, त्याच्यापासूनच काही लपवावं लागणार असेल, तर संघ कसला? मला जमायचं नाही."

खार हंसांच्या देशात गेलीच नाही. अजिंक्य म्हणून सगळे तिला ओळखत, पण तिच्यासमोर डाव मांडायला आता कुणी उरले नव्हते. दुपारच्या वेळी ती फांदीवर एकटीच पाने वाटी, एकदा स्वतःला, एकदा समोरच्या रिकाम्या जागेला. दोन्हीकडची पाने तिला ठाऊकच असत. थोड्या वेळाने ती पाने गोळा करी आणि नदीपलीकडे पाहत बसे.

तात्पर्य : मित्राने विश्वासाने सांगितलेली उणीव त्याच्याविरुद्ध वापरली, तर डाव जिंकता येतो, पण मित्र कायमचा गमवावा लागतो.