मरळीने बुजवलेली फट

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलातून एक ओढा वाहत असे आणि त्या ओढ्यात एक मरळ राहत असे. मरळ म्हणजे अंगाने भक्कम, तोंडाने रुंद असा मासा, आणि पिल्लांना डोळ्यांत तेल घालून जपणारा. या मरळीला नुकतीच पिल्ले झाली होती. गव्हाच्या दाण्याएवढी, लालसर, सदा घोळक्याने फिरणारी. लांबून पाहावे तर पाण्यात कुणी कुंकू सांडले आहे असे वाटे. पण त्या ओढ्यात एक पाणसापही होता. एका सकाळी त्याने घोळक्यात तोंड घातले आणि कुंकवाचा तो ठिपका निम्मा उरला. तेव्हापासून मरळीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पान पडले तरी ती दचके.

ओढ्याच्या कडेला खडकात पाण्याने कोरलेला एक खोलगट खळगा होता. एका अरुंद फटीतून ओढ्याचे पाणी त्यात येई आणि पलीकडच्या काठावरून ओघळून पुन्हा ओढ्याला मिळे. मरळीने उरलेली पिल्ले त्या फटीतून आत नेली. मग तोंडाने चिखल, पाने, काटक्या आणून तिने ती फट आतून घट्ट बुजवून टाकली. आता सापच काय, पाण्याचा थेंबही आत शिरणार नव्हता. काठ उभा आणि निसरडा, सापाला चढता येत नसे; ती स्वतः मात्र त्यावरून उडी मारून जा-ये करी आणि येताना तोंडभर गांडुळे, अळ्या, कोळंबीचे तुकडे आणी.

"खा रे बाळांनो, पोटभर खा," ती म्हणे. "लवकर मोठे व्हा. मोठे झालात की साप तुमच्या वाटेला जायचा नाही."

पिल्ले खात आणि भराभर वाढत. वाढतील तशी जास्त खात, जास्त घाण करीत. न संपलेला घास तळाला जाऊन कुजे. तुमच्या घरी काचेच्या पेटीत मासे असतील, तर हे नीट ऐका. माशांच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात एक विष उतरते. त्याला अमोनिया म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही. वाहत्या पाण्यात ते निघून जाते, पण कोंडलेल्या पाण्यात साचत राहते.

एके दिवशी मरळ आली तर पिल्ले खेळत नव्हती. सगळी पाण्याच्या वरच्या थराला चिकटून तोंडे उघडझाप करीत होती. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते.

"काय झालं रे?" मरळीने घाबरून विचारले.

"आई, कल्ल्यांत आग होते," एक पिल्लू कसेबसे म्हणाले. "श्वास पुरत नाही."

मरळीला वाटले, पिल्ले अशक्त झाली आहेत. ती धावतपळत गेली आणि नेहमीपेक्षा जास्त अळ्या घेऊन आली. पिल्लांनी त्यांना तोंडही लावले नाही. अळ्या तळाला जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी काठाशी काही पिल्ले उलटी तरंगताना दिसली. मरळीला एकच शंका आली. साप आला की काय? तिने खळग्यात घिरट्या घातल्या, कपार न् कपार हुंगली. साप कुठेच नव्हता. तरीही मन मानेना, म्हणून तिने फटीवर आणखी चिखल लिंपला.

तेवढ्यात काठावरून एका बेडकीने टुणकन पाण्यात उडी मारली आणि दुसऱ्याच क्षणी ती उसळून बाहेर आली.

"अगं बाई, केवढं झोंबतंय हे पाणी!" अंग झटकत ती ओरडली. "मरळताई, या पाण्यात पिल्लं ठेवलीस?"

"पाण्याला काय झालंय? तळाचा खडा न् खडा दिसतोय!" मरळ चिडून म्हणाली.

"दिसतोय खरा. पण तुझी कातडी जाड, आणि श्वासाला तू वरची हवा गिळतेस. तुला कसं कळणार? त्यांचे कल्ले अजून कोवळे आहेत, ते भाजतायत." बेडकीचा आवाज खाली आला. "मी लहानपणी अशाच एका कोंडलेल्या डबक्यात होते. पाऊस आला, पाणी हललं, म्हणून मी जगले. माझी भावंडं तोवर राहिली नव्हती."

 मरळ रडवेल्या आवाजात म्हणाली, "मग मी करू तरी काय? एवढं खायला घालते…"

"आधी तेच थांबव. तळाचं कुजकं उचलून बाहेर टाक. आणि ती फट उघड."

"बाहेर साप आहे!"

"आहे ना. पण सापापुढे तू उभी राहू शकतेस. या विषापुढे कशी उभी राहशील?"

मरळीला ते पटले. ती फटीकडे झेपावली आणि चिखल ओरबाडू लागली. "सगळी एकदम नको!" बेडकी ओरडली. "गार पाण्याचा लोट आला तर पिल्लं दगावतील. थोडं थोडं येऊ दे. आणि दगडावरचा बुळबुळीत थर खरवडू नकोस. घाण पचवतो तो थर."

मरळीने फटीला बोटभर वाट केली आणि तळाचे कुजके उचलून काठाबाहेर टाकले. ओढ्याचे ताजे पाणी बारीक धारेने आत येऊ लागले. ती फटीला तोंड लावून पहाऱ्याला बसली. दुपारी पाणसाप आलाच. त्याचे तोंड फटीत घुसताच मरळीने असा कडकडून चावा घेतला की तो वळवळत पळाला. पुन्हा आला, पुन्हा चावा खाऊन गेला. तिसऱ्यांदा मात्र तो फिरकला नाही.

त्याहून अवघड होते ते पिल्लांचे रडणे. ताज्या पाण्याने जरा तरतरी आली, तशी ती आईभोवती गोळा झाली. "आई, भूक लागली गं!" मरळीला भरून येई. दहादा तिच्या मनात येई, एकच अळी आणावी. पण ती जागची हलली नाही. हळूहळू कल्ल्यांची लाली ओसरली. पिल्ले वरचा थर सोडून खाली उतरली, दगडावरचे शेवाळ टोचू लागली, एकमेकांना ढकलू लागली.

सगळी काही वाचली नव्हती. जी वाचली, त्यांच्यासाठी मरळीने मग एक बारीकसे गांडूळ आणले. पिल्ले तुटून पडली. ती मात्र शेवटचा घास संपेपर्यंत तिथेच थांबली. एक तुकडा तळाला गेला, तो तिने तोंडात धरला, काठावरून उडी मारली आणि ओढ्यात नेऊन सोडला.

तात्पर्य : लेकरांच्या तोंडात घास घालताना ती ज्यात श्वास घेतात तेही निर्मळ आहे ना, हे पाहावे; काळजीपोटी सगळ्या वाटा बंद केल्या, तर मायाही साचून विष होते.