टॅपेटची टिकटिक

एका तालुक्याच्या गावी एकदा एक गृहस्थ आपली बंद पडलेली मोटारसायकल ढकलत वृद्ध गुरूंच्या अंगणात आला. गुरू पूर्वी तंत्रशाळेत इंजिनाचे शास्त्र शिकवीत. निवृत्त झाल्यावरही जुने विद्यार्थी काही अडले की त्यांच्याकडे येत, आणि तेही हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून सदऱ्याच्या बाह्या वर सारीत.

या शिष्याला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. आपल्या गाडीला तो परक्याचा हात लागू देत नसे. तेल बदलणे, प्लग घासणे, चेन ताणणे, सारे तो घरीच करी. गॅरेजवाले फसवतात हे त्याचे ठाम मत होते, आणि आपण कधी चुकत नाही हे त्याहून ठाम.

"सर, गाडीत दमच राहिला नाही," घाम पुसत तो म्हणाला. "चढावर मरते. आता तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बंदच पडली. आणि दिवाळीच्या आधीच मी हातानं सर्व्हिसिंग केलंय हो."

"सर्व्हिसिंगनंतर काही आवाज येत होता?" गुरूंनी विचारले.

"येत होता की! टिकटिक, टिकटिक. आधी चेन पाहिली, मग सायलेन्सरचे बोल्ट आवळले. शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मुठीला कान लावला, तेव्हा कळलं की आवाज वरून, झडप दाबणाऱ्या टॅपेटचा येतोय. मग टॅपेटचे स्क्रू आवळत गेलो, पार आवाज बंद होईपर्यंत. तेव्हापासून एक शब्द नाही तिचा."

गुरूंनी किक हाताने दाबली. एरवी ती दाबायला पायाचा जोर लागतो. ती त्यांच्या म्हाताऱ्या तळव्याखाली अलगद खाली गेली. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"बस," ते म्हणाले. "गरम इंजिन मी उघडत नाही. निवू दे."

दोघे पायरीवर बसले. गुरूंनी सहज विचारले, "बायको कशी आहे तुझी? मोठी बोलकी मुलगी. मागे आली होती तेव्हा मी चहात साखर घेतली म्हणून मला रागावली होती."

शिष्य हसला. "आता नाही तशी राहिली सर. फार समजूतदार झालीय. पूर्वी ताटावर बसलं की कटकट सुरू. आई अंथरुणाला खिळलीय, मला पंधरा दिवस माहेरी जाऊ द्या, हेच रोज. मी म्हणायचो, मुलांची परीक्षा होऊ दे, मग जा. परीक्षा झाली तर दिवाळी आली. एकदा चांगलं खडसावलं, की हा विषय पुन्हा काढायचा नाही. मग थांबली."

"आणि आई?"

"गेल्या हो त्या."

"शेवटची भेट झाली होती?"

"नाही, ते राहूनच गेलं. घराचं रंगकाम निघालं होतं ना." हे तो अशा आवाजात म्हणाला, जशी एखाद्या लग्नाची हजेरी राहून जावी. "तेराव्याला मात्र मी स्वतः घेऊन गेलो. तिथून आली ती अगदी शांत. काहीही विचारा, 'बरं' म्हणते. आता घरात कसं निवांत वाटतं."

आपल्याकडे घरात सामसूम असली की घरचा कर्ता स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. ती कशाने आली हे विचारायला लागते ती हिंमत फार थोड्यांपाशी असते. या शिष्यापाशी ती नव्हती, आणि आपल्यापैकी किती जणांपाशी आहे हे ज्याचे त्याने पाहावे.

इंजिन निवले. गुरूंनी वरचे झाकण उघडले आणि पोलादाची कागदासारखी पातळ पत्ती टॅपेटखाली सरकवून पाहिली. ती आत जाईना. त्यांनी स्क्रू सैल केला, पत्ती जेमतेम सरकेल एवढी फट ठेवली आणि झाकण लावले. पुष्कळ किका मारल्यावर गाडी कशीबशी सुरू झाली. आणि तिच्याबरोबर सुरू झाली तीच टिकटिक.

शिष्य चिडला. "सर, हे काय केलंत? मी एवढा खपून घालवलेला आवाज तुम्ही परत आणलात!"

गुरूंनी गाडी बंद केली आणि चिंधीला हात पुसत ते म्हणाले, "अरे, या टॅपेटखाली झडप असते. तिला मिटायला जागा लागते, म्हणून ही फट. फट आहे तोवर थोडी टिकटिक होणारच. ती फार वाढली तर दोष शोधायचा, पण अजिबात ऐकू येऊ नये असा हट्ट धरायचा नाही. तू फटच मिटवलीस. झडपेला पुरतं मिटता येईना. प्रत्येक स्फोटाची आग तिच्या कडेवरून जात राहिली, ती आतून जळत राहिली, आणि तू वर बसून म्हणालास, वा, काय शांत चालतेय! आवाज गेला म्हणजे दोष गेला असं नसतं रे. कधी कधी सांगणाऱ्याची सांगायची जागाच गेलेली असते."

शिष्य गाडीकडे पाहत राहिला. मग त्याची नजर हळूहळू जमिनीकडे वळली. गुरू गाडीबद्दल बोलत होते, तरी त्याला पत्नीचे ते 'बरं' आठवले. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आता फट ठेवलीत," तो म्हणाला. "आता होईल ना ठीक?"

"नाही," गुरू म्हणाले. "कड जळलीय. फटीनं ती भरून येत नाही. झडप बदलावी लागेल. गाडी राहू दे इथंच, गाडीला नवी झडप मिळते." मग चिंधी बाजूला ठेवून ते म्हणाले, "तू घरी जा."

शिष्य चालतच घरी गेला. पत्नी स्वयंपाकघरात होती. वाटेत त्याने पुष्कळ शब्द जुळवले होते. तिच्यासमोर त्यांतला एकही आठवेना.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आईंकडे तुला जाऊ द्यायला हवं होतं. या सुट्टीत माहेरी जा. हवे तितके दिवस राहा."

तिने गॅस बारीक केला. "आता तिथं कोण आहे?" ती म्हणाली, आणि त्याच आवाजात तिने विचारले, "भात लावू ना?"

त्या विचारण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. शिष्य दारातच उभा राहिला. तिने आपल्यावर ओरडावे, निदान हातातले पातेले तरी आपटावे, म्हणून तो वाट पाहत होता. तिने ते हळूच ओट्यावर ठेवले.